मास्तरांच्या तोंडचं ‘होय म्हाराजा’

आचऱ्यापासून शिरोड्यापर्यंत या किनाऱ्यावर असा एक माणूस दाखवा, ज्याला मी फसवलेलं नाही! आता खरं सांगायचं तर आचऱ्याला मी दोन-तीनदाच गेलोय आणि शिरोड्याला एकदाच. शिरोड्याला तर मीच फसलो. ताजे फडफडीत म्हणून घेतलेले बांगडे घरी पोचेपर्यंत असे काही वास मारायला लागले की अख्ख्या एसटीने माझ्याकडे पाठ केली. त्या दिवशी बायकोने आम्हा दोघांनाही घरात घेतलं नाही, बांगड्यांना आणि मला.

तर ते असो.

मी बाबल. शाळेसमोर माझं हॉटेल आहे. हॉटेल म्हटलं की मुंबईची पाहुणेमंडळी आत एसी शोधतात. आत फक्त दोन बाकडी, एक कढई, वर पत्रा आणि उसळ-पाव. पण गावात बसायला दुसरी जागा नाही, त्यामुळे माझं हॉटेल हीच कचेरी, हेच कोर्ट आणि हीच संसद. अशा ठिकाणी किस्से जमवावे लागत नाहीत. घरामागे नारळाची सोडणं साठतात ना, तसं ते होतं. मुद्दाम कोण साठवत नाही, उचलून कोण टाकतही नाही, आणि एक दिवस बघावं तर ढीग कौलांना टेकलेला!

या ढिगातले निम्मे किस्से आमच्या मास्तरांचे. मास्तरांना जाऊन आता वर्ष होत आलं. शोकसभेत एक जण म्हणाला, “गुरुजी म्हणजे चालतं-बोलतं विद्यापीठ!” हा गृहस्थ मास्तर समोरून येताना दिसले की माडांच्या बागेत शिरायचा. पुढच्या रांगेत रुमाल डोळ्यांना लावून बसलेल्या सगळ्यांची हीच तऱ्हा. एवढं प्रेम होतं, तर जिवंतपणी रस्ता का बदलत होतात रे?

मी काय लेखक नव्हे. पण लिहिलेलं तपासून लाल पेनाने रेघा मारणारा माणूस आता नाही, म्हणून हिंमत करतोय.

*

मास्तर गावात आले तेव्हा त्यांना मिसरूड नुकतं फुटलं होतं. मी सातवीत. सातवी मी दोनदा केली, म्हणजे माझ्याएवढं सातवीचं ज्ञान गावात कुणालाच नाही. पण लोक याला शिक्षण मानत नाहीत!

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “समुद्राचं पाणी खारट का असतं?”

मी लगेच उभा. “गुर्जी, मासे घामेजतत म्हणान!”

वर्ग हसून खाली लोळला. मास्तरांच्या तोंडावरची रेघ हलली नाही. “चूक. बस खाली.”

ही माझी आणि त्यांची पहिली ओळख. त्यानंतर त्या दोन वर्षांत ते मला दुसरं फारसं काही म्हणाले नाहीत. मी हात वर करायचो, काहीतरी ठोकून द्यायचो, आणि ते म्हणायचे, “चूक. बस खाली.” पुढे पुढे तर मी उभा राहायच्या आधीच म्हणायला लागले.

मग मी ठरवलं, या माणसाला एकदा तरी फसवायचंच. त्यांच्या टेबलाच्या खणात एक जिवंत कुर्ली सोडली. चांगली तळहाताएवढी, नांग्या उगारलेली. मास्तरांनी खडू घ्यायला खण उघडला. आम्ही सगळे श्वास धरून. मास्तरांनी आत बघितलं. खण बंद केला. दुसऱ्या खणातून खडू घेतला आणि तास संपेपर्यंत भूगोल शिकवला.

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना माझ्या नावापाशी थांबले. मला वाटलं, आता छडी.

“बाबल, कालची कुर्ली बरी होती. आमच्या आईने विचारलंय, पुन्हा कधी आणणार?”

*

आता गाऱ्हाण्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडे कुठल्याही गोष्टीला आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. म्हणजे एकाने मोठ्या आवाजात देवाला काय ते सांगायचं, आणि बाकीच्यांनी हात जोडून प्रत्येक वाक्याला “होय म्हाराजा!” म्हणायचं. देवळातली मोठी गाऱ्हाणी मानकरी घालतात. तिथे आपल्याला कोण विचारत नाही. पण नवी होडी, नवी रिक्षा, क्रिकेटची टुर्नामेंट, घराची राखण असल्या किरकोळ कामांना बोलावणं मलाच. कारण आवाज! देवाला मोबाइल नाही, त्याला ऐकू जायला माझ्यासारखा गळा लागतो.

आणि या गाऱ्हाण्यात एक गंमत असते. काय सांगितलं जातंय ते कोणीच ऐकत नाही. वाक्य संपलं, सूर खाली आला, की शंभर तोंडं आपोआप उघडतात. “होय म्हाराजा!” ही गंमत माझ्या लक्षात आली, त्या दिवसापासून गावाचं वाटोळं सुरू झालं.

पास्कू आमचा दोस्त. त्याची बेकरी आहे. त्याने पाव वाटायला नवा टेम्पो घेतला. चर्चमध्ये फादरकडून पाणी शिंपडून आणला आणि सरळ माझ्याकडे. “बाबल, तुझापण एक गाऱ्हाणा होवंदे रे. एक्सिडेंट झालो तर कोणाक तरी विचारूक व्हया!”

मी नारळ ठेवला. डोळे मिटले. आवाज लावला. “बा म्हाराजा! ह्या पास्कूच्या टेम्पोक यश दी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आणि ह्या पास्कूचो पाव दर वर्सा बारीक जायत चल्लो आसा, तो येका वर्सान गोळयेएवढो होतलो रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज पास्कूचा!

रस्त्यावर लोक पोट धरून बसले. एकटे मास्तर तेवढे हात जोडून, ओठ मिटून उभे. पहिल्या वाक्यालाही नाही, दुसऱ्यालाही नाही. मी नीट बघत होतो.

“पास्कू,” ते म्हणाले, “ऐकल्याशिवाय होकार देऊ नये.”

दुसऱ्या दिवसापासून पास्कूचा पाव खरंच मोठा झाला. फक्त माझ्या हॉटेलात येणारा सोडून!

तेव्हापासून माझं एकच ध्येय. मास्तरांच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, ‘होय म्हाराजा’ काढायचं. किती तऱ्हा केल्या! जोरात घातलं, घाईत घातलं, मध्येच त्यांच्या प्रकृतीसाठी घातलं. सरपंच फसला. तलाठी फसला. दुष्काळात पाऊस मागताना मी मध्येच माझ्या बायकोसाठी अक्कल मागितली, तर माझी बायकोसुद्धा “होय म्हाराजा” म्हणाली, आणि मग घरी जाऊन त्याचा अर्थ तिने मला नीट समजावला. मास्तर मात्र मिटलेल्या शिंपल्यासारखे. हात जोडलेले, कान उघडे, तोंड बंद.

*

मास्तर रिटायर झाले तेव्हा मोठा निरोप समारंभ. शाल, श्रीफळ, भाषणं. पाहुणे म्हणाले, “गुरुजींनी या गावात हजारो विद्यार्थी घडवले!”

मास्तरांनी बसल्या जागेवरून सांगितलं, “गावात हजार माणसं नाहीत.”

पाहुणे गडबडले. “म्हणजे... शेकडो.”

“शाळेत आले बरेच. घडले किती, ते आपण बाहेर जाऊन बघू. समोरच एक हॉटेल आहे.”

सगळा मंडप माझ्याकडे वळून हसला. मी पण हसलो. काय करणार?

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वेळेला मास्तर तयार होऊन माझ्या बाकड्यावर हजर. धोतर, कोट, छत्री. शाळेकडे तोंड करून बसले. मग रोजचंच झालं. तिकडे घंटा झाली की इकडे मास्तर उठायचे. मधल्या सुट्टीला चहा, शाळा सुटली की घरी. मला वाटलं, आता सापडले! एके दुपारी मी मागच्या बाजूला जाऊन कढईवर झारा हाणला. टण टण टण! पास्कू उठून उभा राहिला, समोर अख्खी शाळा दप्तरं घेऊन पळत सुटली, नवीन मास्तर त्यांच्या मागे ओरडत धावले.

आमचे मास्तर बसूनच. “घंटा पितळेची आहे, बाबल. ही तुझी भज्यांची कढई. आणि धुतलेली नाही.”

*

हा असला माणूस. आणि त्याच्या घरी आली नात.

मास्तरांचा मुलगा सुधीर आणि सून, दोघं गोव्यात नोकरीला, दोघांच्या शिफ्टा उलटसुलट. म्हणून बाळ आजी-आजोबांकडे ठेवलं. नाव मनू. रांगायला लागायच्या आधीपासून ती इथे. मास्तरांची बायको, माई, मला म्हणाल्या, “बाबल, बघशात हां, हे तेका पण ‘बस खाली’ म्हणतले!”

कसलं काय! एके सकाळी मी दूध द्यायला गेलो तर मास्तर खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, गुडघ्यांवर. पाठीवर मनू, दोन्ही कान तिच्या हातात लगामासारखे. आणि मास्तर तिला म्हणत होते, “गो बाय, वायच हळू ओढ गो, आज्याचे कान म्हातारे झाले.”

मालवणीत! पंचेचाळीस वर्षं या माणसाने गावात कुणाशी मालवणीत एक शब्द काढला नव्हता. बायकोशीसुद्धा पुस्तकातल्यासारखं बोलायचे. मी दुधाची किटली खाली ठेवली. “मास्तरानू, तुमका मालवणी येता?”

मास्तर तसेच गुडघ्यांवर, पण आवाज वर्गातला. “माझा जन्म लंडनला झालेला नाही, बाबल.”

पुढे ती हॉटेलात पण यायला लागली. तिला तारली आवडायची. तारलीत माशापेक्षा काटे जास्त. मास्तर चष्मा नाकाच्या टोकावर ओढून एकेक तुकडा असा तपासायचे, जसे आमचे पेपर. काटा सापडला की ताटाच्या कडेला बाजूला. मी मनूला विचारलं, “आजो काय करता गो?” ती म्हणाली, “आजो मासो तपासता. पास झालो काय माका देता.” माझा पेपर असा प्रेमाने तपासला असता तर मी आज कलेक्टर असतो! निदान तलाठी तरी!

आणि ते नखांचं. शाळेत दर सोमवारी मास्तर आमची नखं तपासायचे. हात टेबलावर पालथे ठेवायचे, मळ दिसला की पट्टी. तर एका सोमवारी मास्तर हॉटेलात आले, ते कोटाच्या खिशात हात घालून. चहा आला तरी हात बाहेर येईनात. पास्कूने मला कोपराने ढोसलं. शेवटी चहा थंड होतो म्हणून मास्तरांनी हात काढला. दहाही नखं लालभडक! मनूने रंगवलेली.

असा चान्स देव परत देत नाही. मी खाकरलो. “मास्तरानू, नखां दाखवा बघू!”

पास्कूने पाव तोंडात कोंबला, हसू बाहेर येऊ नये म्हणून. मास्तरांनी शांतपणे कप ठेवला. दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, अगदी आम्ही ठेवायचो तसे.

“कापलेली आहेत. स्वच्छ आहेत. रंगाबद्दल शाळेचा नियम नव्हता.”

*

मनू पाच वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. मी त्यांच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, बाहेरून चाललो होतो, तर आतून मनूचा आवाज. खळ्यात शाळा भरली होती. मनू मास्तरीण, हातात झाडूचा हीर. आणि विद्यार्थी म्हणून आमचे मास्तर, दोन्ही हातांनी कान धरून उभे.

मनूने हीर आपटला. “सांग! समुद्राचा पाणी खारट कित्याक?”

मास्तर जरासुद्धा थांबले नाहीत. “मासे घामेजतत म्हणान.”

“बरोब्बर! बस खाली!”

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी गडग्यावर चढलो. “मास्तरानू! ह्या उत्तर माझा! माका ह्याच उत्तरार चूक म्हटलात! वर्गात माझी इज्जत काढलात! आणि आता बरोबर?”

मास्तर खाली बसले होते. कान अजून सोडले नव्हते, मास्तरणीची परवानगी नव्हती ना!

“तेव्हा परीक्षक वेगळे होते, बाबल.”

*

आणि मग सुधीरची नोकरी पुण्याला लागली.

चांगली नोकरी. नवीन फ्लॅट, सुनेलाही तिथेच काम, शिफ्टा नाहीत. मनूचं नाव तिथल्या शाळेत घालून झालं होतं. जूनपासून ती पुण्याला. हे सगळं सुधीरने फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाला, “बाबा, रोज व्हिडिओ कॉल करू की! त्यात काय!” हो ना, त्यात काय! व्हिडिओ कॉलवर कान ओढता येतात, नखं रंगवता येतात, तारलीचे काटे काढता येतात. विज्ञान कुठल्या कुठे गेलंय!

हॉटेलात त्या दिवशी संसदेचं खास अधिवेशन भरलं. पास्कू म्हणाला, “मास्तरानू, तुम्ही झिलाक सांगा. आमची शाळा आसाच की समोर!”

मास्तरांनी समोर बघितलं. शाळेच्या पटांगणात चार पोरं आणि एक कुत्रा. कुत्रा सगळ्यांत हुशार दिसत होता. एकच मास्तर, तोही बदलीच्या प्रयत्नात.

“एक शब्द टाका नुसतो,” मी म्हणालो. “सुधीर तुमच्या शब्दाभायर नाय.”

“मला माहीत आहे,” मास्तर म्हणाले.

त्यांना खरंच माहीत होतं. सुधीर अजूनही त्यांच्यासमोर बसताना विचारून बसायचा. एक शब्द टाकला असता तर मनू राहिली असती. पण या माणसाने जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता मागायचं तर ते पोराकडून पोर! मी चहा पुढे केला. एक घोट घेऊन त्यांनी कप बाजूला सारला.

“थंड आहे.”

त्या चहाने माझी बोटं भाजली होती! मी कप उचलला आणि दुसरा भरायला आत गेलो.

*

आता शेवटचा किस्सा. हा मी रोज कुणाला सांगत नाही, कारण ऐकणारा विचारतो, “मग तू जिंकलंस काय हरलंस?” आणि ते माझं मलाच नीट ठरवता आलेलं नाही.

दर मे महिन्यात मास्तरांच्या खळ्यात राखण असायची. म्हणजे जागेच्या राखणदाराला वर्षाचा कोंबडा आणि नारळ. मास्तरांचा यावर काडीचा विश्वास नाही, पण माईंचा होता, आणि मास्तरांचा माईंवर होता. गाऱ्हाणं घालायला अर्थातच मी. त्या वर्षी सुधीर आणि सून आलेले, दोन दिवसांनी मनूला घेऊन जायचे होते. तिची बॅग ओटीवर भरून तयार.

भर सकाळी सगळे फणसाखाली जमले. माई, पास्कू, शेजारीपाजारी. सून घाटावरची, पण हौशी. कधी काय म्हणायचं ते माईंकडून शिकून घेतलेलं. सुधीर मोबाइलवर शूटिंग करत होता, पुण्याच्या मित्रांना दाखवायला. मास्तर नेहमीच्या जागी, हात जोडून, ओठ मिटून. मनूने त्यांचं बोट धरलेलं, त्यामुळे हात नीट जुळत नव्हते.

मी कोंबडा काखेत धरला. आवाज लावला.

“बा म्हाराजा! ह्या जाग्याच्या राखणदारा! लेकरांनी वर्साचो मान दिलो आसा, तो गोड करून घी रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“घरातली इडापिडा, रोगराई येशीभायर काढ रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” मनूचा आवाज सगळ्यांच्या वर.

सूर लागला होता. लोकांची तंद्री लागली होती. मी श्वास घेतला आणि त्याच सुरात, त्याच चालीत पुढे गेलो. “आणि ह्या घरचा चेडू पुण्याक न्हेतत म्हणतत, ता रद्द होवन, चेडू ह्याच खळ्यात आज्या-आजयेकडे रवतला, आणि ह्या सुधीरान आणि तेच्या बायलेन ता खुशीन मान्य केल्यानी आसा, रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

सगळ्यांनी म्हटलं. सुधीरने म्हटलं, मोबाइल हातात धरून, खणखणीत! सुनेने तर हात कपाळाला लावून म्हटलं!



“गावलो!” पास्कूने मांडीवर थाप मारली. “झील गावलो!”

सून सुधीरकडे वळली. “तू काय म्हणालास आत्ता?”

“मी? तू पण म्हणालीस!”

“मला काय माहीत हे काय बोलतायत ते! आईंनी सांगितलं, सगळे म्हणतील तेव्हा म्हणायचं!”

“बाबलकाका, ह्या काय मस्करी?” सुधीर पांढरा पडला होता. पुण्यात फ्लॅट घेतला तरी पोरगा याच खळ्यात वाढलेला. राखणदारासमोर दिलेला शब्द मागे घ्यायचा म्हणजे काय, ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

“मस्करी खंय?” मी म्हणालो. “देवासमोर होय म्हटलंस. वर शूटिंग पण आसा!”

माईंनी पदर तोंडाला लावला. हसतायत की रडतायत, कळेना. शेजारचे म्हणाले, “आता बोलणाच खुंटला. चेडू रवला.” मनू उड्या मारायला लागली.

बघा, काय काम केलं होतं मी! मास्तरांना मागायला नको, पोराला नाही म्हणायला नको, सुनेला राग देवावर काढता येईल. सगळं बिनबोभाट! आता मास्तरांनी काय करायचं होतं? काहीच नाही. फक्त गप्प उभं राहायचं होतं. पन्नासेक वर्षं गाऱ्हाण्यात तेच तर करत आले होते!

मास्तरांनी मनूकडे बघितलं. ओटीवरच्या बॅगेकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“चूक.”

“काय?”

“बाबल, चूक. परत म्हण.”

गाऱ्हाणं चालू असताना मध्ये बोलायचं नसतं. असं आजवर कुणी केलेलं नाही! मी म्हणालो, “मास्तरानू, देवाक एकदा सांगला ता सांगला. परत नाय सांगणत.”

“चुकलेलं उत्तर पुन्हा देता येतं. नीट उभा राहा.”

पासष्ट वर्षांचा घोडा मी, घरी नातवंडं, पण पाय आपोआप जुळले. पाठ ताठ झाली. काखेतला कोंबडा तेवढा खूश, त्याची मुदत वाढत होती.

“बा म्हाराजा,” मी सुरुवात केली. खाकरलो आणि पुन्हा आवाज लावला. “बा म्हाराजा! मगाशी जा सांगलंय ती ह्या बाबल्याच्या तोंडची चूक. ती पोटात घाल, आणि दिलेल्या शब्दातसून ह्या पोरांक मोकळा कर रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” सुधीरचा आवाज सगळ्यांत पुढे.

मी देवाकडे बघत नव्हतो. मास्तरांच्या ओठांकडे बघत होतो. मिटलेले.

“ह्या चेडू पुण्याक जातला, थंय तेका बरी शाळा, बरी संगत मेळंदे रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” माई म्हणाल्या, सून म्हणाली. मास्तर नाहीत. ओठ मिटलेलेच, पण हनुवटी हलत होती.

म्हणजे अजून काहीतरी राहिलं होतं. परीक्षा कठीण होती, आणि मी जन्माचा नापास! डोळे मिटले, सुचेल ते बोललो. “आणि शाळेक सुट्टी पडली काय पयली गाडी धरून ह्या चेडू ह्याच खळ्यात येवंदे! थंय किती शिकला तरी हंय इल्यार आज्याकडे मालवणीतच बोलंदे! आणि ता येयपर्यंत, ह्या आज्याक ह्या खळ्यात धड ठेव, रे म्हाराजा!”

लोकांनी तोंडं उघडली. पण त्यांच्या आधीच एक आवाज आला. घोगरा, खडू अडकल्यासारखा.

“होय म्हाराजा!”

मी डोळे उघडले. मास्तर! हात जोडलेले, मधे मनूचं बोट, आणि तोंड अजून उघडं!

मी देवाला विसरलो, राखण विसरलो. हात वर फेकले, तसा कोंबडा काखेतून सुटला आणि गडग्यावरून उडी मारून पसार झाला. पास्कू त्याच्यामागे धावला. मी मात्र खळ्यात नाचायला लागलो. “गावलात! मास्तरानू, गावलात! अख्खो जल्म गेलो, पण आज गावलात!”

मास्तर खाली वाकले. मनूच्या वेणीची सुटलेली रिबन बांधायला घेतली. गाठ पक्की होईपर्यंत मान वर केली नाही. मग तसेच वाकलेले, माझ्याकडे न बघता म्हणाले,

“बरोबर. बस खाली.”